ध्रुवावरच्या मातीचा जिवंत पापुद्रा तग कसा धरतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा पापुद्रा म्हणजे नेमकं काय असतं?

मातीच्या अगदी वरचे काही मिलिमीटर, फार तर एक-दोन सेंटिमीटर, बस एवढाच थर. पण त्यात सायनोबॅक्टेरिया (शाळेच्या पुस्तकातलं नीलहरित शेवाळ ते हेच), हिरवी शैवालं, बुरशी, लायकेन म्हणजे दगडफुलं, मॉस आणि साधे बॅक्टेरिया अशी सगळी मंडळी एकत्र राहतात. यातले धाग्यासारखे सायनोबॅक्टेरिया, मायक्रोकोलियस हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं नाव, मातीच्या कणांमधून सरकत जातात आणि अंगाभोवती चिकट साखरेचा थर सोडतात, त्यामुळे गोधडीला टाके घालावेत तसे सुटे कण एकमेकांना बांधले जातात. शास्त्रज्ञ याला बायोक्रस्ट म्हणतात. वाळवंटात आणि कोरड्या माळरानांवरही तो भरपूर असतो, जगातली साधारण 12 टक्के जमीन त्याच्याखाली आहे असा अंदाज आहे. पण इथे आपण ध्रुवांकडचंच बोलू.

ध्रुवावर तर सगळा बर्फच ना? माती कुठून आली?

अंटार्क्टिकाबद्दल बोलायचं तर शंका रास्त आहे, तिथे उघडी जमीन एकूण खंडाच्या अर्धा टक्काही नाही. पण खंडच एवढा अवाढव्य आहे की तो अर्धा टक्काही कमी नाही. सगळ्यात मोठा उघडा तुकडा म्हणजे मॅकमर्डो ड्राय व्हॅलीज, साधारण साडेचार हजार चौरस किलोमीटर, डोंगर आडवे असल्यामुळे बर्फाची चादर तिथे पोचत नाही आणि जो काही बर्फ पडतो तो वारा उडवून नेतो किंवा तो थेट वाफ होऊन जातो. खोऱ्यांच्या तळाशी वर्षभरात पडणाऱ्या बर्फाचं पाणी केलं तर ते 50 मिलिमीटरच्या पुढे जात नाही. त्याशिवाय किनाऱ्याजवळचे छोटे उघडे पट्टे आहेत, भारताचं मैत्री स्टेशन आहे तो शिर्माकर ओअॅसिस त्यातलाच एक.

आर्क्टिकचं वेगळं. तिथे ग्रीनलंड सोडलं तर उन्हाळ्यात बरीच जमीन उघडी पडते: स्वालबार्ड (नॉर्वेची उत्तरेकडची बेटं), कॅनडाची उत्तरेकडची बेटं, सायबेरियाचा किनारा. अगदी उत्तरेला झाडं-झुडपं विरळ होत जातात आणि मग जमिनीवर जे काही जिवंत दिसतं त्यातला मोठा वाटा या पापुद्र्याचाच असतो.

एवढ्या थंडीत गोठून मरत कसे नाहीत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो म्हणून जरा सविस्तर.

पेशीला थंडी मारत नाही, पेशीच्या आत तयार होणारे बर्फाचे टोकदार स्फटिक मारतात, ते आतलं सगळं फाडून टाकतात. आता होतं काय, तापमान हळूहळू शून्याखाली गेलं की आधी पेशीच्या बाहेरचं, म्हणजे मातीतलं पाणी गोठतं. बाहेर बर्फ झाला की तो पेशीतलं पाणी बाहेर खेचायला लागतो, पेशी आक्रसते, आतला रस घट्ट होत जातो आणि घट्ट रस सहजासहजी गोठत नाही. म्हणजे पेशीच्या दृष्टीने बघितलं तर गोठणं आणि सुकणं ही जवळपास एकच गोष्ट झाली! खारट मातीतही हेच घडतं, मीठ पाणी बाहेर खेचतं.

आणि सुकण्याची तयारी या मंडळींनी आधीच केलेली असते. ट्रेहॅलोज आणि सुक्रोजसारख्या साखरा पेशीत साठवलेल्या असतात, पाणी गेलं की त्या प्रथिनांभोवती आणि पेशीच्या पडद्याभोवती पाण्याची जागा घेतात, आतलं सगळं काचेसारखं घट्ट होऊन जिथल्या तिथे थांबतं आणि मोडत नाही. बाहेरून तो चिकट साखरेचा थर असतोच, तो पाणी हळूहळू सोडतो त्यामुळे सगळं एकदम होत नाही, सावरायला वेळ मिळतो. पडद्यातल्या चरबीचा प्रकारही वेगळा असतो, असंपृक्त फॅटी अॅसिड जास्त, म्हणून थंडीत पडदा ताठ होऊन तडकत नाही. काही जीव बर्फाला चिकटून त्याचे स्फटिक मोठे होऊ न देणारी प्रथिनंही बाहेर सोडतात.

थोडक्यात थंडी, कोरड आणि मीठ, तिन्हींवर बराचसा एकच उपाय आहे. हे एकदा लक्षात आलं की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

म्हणजे यांना थंडी आवडते का?

नाही! निदान सायनोबॅक्टेरियाच्या बाबतीत तरी नाही. आर्क्टिक आणि अंटार्क्टिकातून आणलेले सायनोबॅक्टेरिया प्रयोगशाळेत वेगवेगळ्या तापमानाला वाढवून बघितले तर (1997 चा अभ्यास आहे) बहुतेकांची सगळ्यात चांगली वाढ 15 अंशांच्या वरच झाली. म्हणजे ते थंडी सहन करतात, थंडीसाठी बनलेले नाहीत. खरोखर थंडीप्रेमी म्हणावेत असे बॅक्टेरिया समुद्राच्या बर्फात सापडतात, तिथलं तापमान दिवसभरात फारसं वर-खाली होत नाही. मातीवर तसं नसतं, उन्हाळ्याच्या दुपारी हवा शून्याच्या आसपास असली तरी काळपट जमीन ऊन पिऊन 15-20 अंशांच्या वर जाऊ शकते आणि ढग आला की काही मिनिटांत परत खाली. इतके चढउतार असतील तर एकाच तापमानाला चिकटून राहणारा तिथे टिकणारच नाही.

मग खरी अडचण कशाची आहे?

पाण्याची. माझं तर स्पष्ट मत आहे की ध्रुवावरच्या जीवनाबद्दल लिहिताना लोक उणे अमुक अंश, उणे तमुक अंश यातच अडकतात आणि पाण्याकडे दुर्लक्ष करतात. आजूबाजूला बर्फाचे डोंगर आहेत पण बर्फ पिता येत नाही, द्रवरूप पाणी वर्षातले काही आठवडेच मिळतं, ड्राय व्हॅलीजमध्ये बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी. त्यामुळे जगण्याची खरी युक्ती म्हणजे पाणी नसताना पूर्ण बंद पडणं आणि पाणी आलं की लगेच चालू होणं. बाकी सगळं त्याच्या मदतीला.

पाणी मिळतं तरी कुठून?

वितळणाऱ्या बर्फाच्या ढिगाऱ्यांच्या कडेने, हिमनदीच्या पाण्याच्या ओघळांनी, आर्क्टिकमध्ये धुकं आणि थोडाफार पाऊस. खाली कायम गोठलेली जमीन असते (पर्माफ्रॉस्ट), ती पाणी खाली मुरू देत नाही, त्यामुळे जे थोडं वितळतं ते वरच्या थरातच राहतं, हा एक फायदाच.

लायकेनची गंमत अजून पुढची आहे. ज्या लायकेनमध्ये हिरवं शैवाल असतं त्यांना द्रव पाणी लागतंच असं नाही, हवेतली किंवा बर्फातून निघणारी वाफ शोषून ते प्रकाशसंश्लेषण सुरू करू शकतात. ज्यांच्यात सायनोबॅक्टेरिया असतो त्यांना मात्र खरंखुरं पाणीच लागतं. अंटार्क्टिकातल्या अम्बिलिकेरिया नावाच्या लायकेनचं प्रकाशसंश्लेषण उणे 17 अंशांपर्यंत चालू असल्याचं तिथे जाऊन मोजलेलं आहे. पातळ बर्फाखाली दबलेलं असताना थोडा उजेड मिळतो, थोडी वाफ मिळते, वारा लागत नाही, त्यांच्यासाठी ही मजेची जागा. बर्फ जाड झाला आणि उन्हाळाभर हटलाच नाही तर मात्र लायकेन मरतात, हेही खरं.

पाणी आल्यावर किती वेळात जागे होतात?

प्रकाशसंश्लेषण मिनिटा-तासांत सुरू होऊ शकतं, नायट्रोजन पकडण्याचं काम सुरू व्हायला जास्त वेळ लागतो. मायक्रोकोलियसचे धागे ओलावा आला की मातीतून वर सरकतात आणि सुकायला लागलं की परत खाली जातात, म्हणून ओल्या पापुद्र्यावर बघता बघता हिरवट झाक येते.

याचा सगळ्यात भारी पुरावा टेलर व्हॅलीतला, ड्राय व्हॅलीजमधलंच हे एक खोरं. तिथे ओढ्याचा एक जुना पात्रभाग होता ज्यात साधारण दोन दशकं नीट पाणीच वाहिलं नव्हतं, शास्त्रज्ञ डायन मॅकनाइट आणि त्यांच्या टीमने 1990 च्या दशकाच्या मध्यात वाळूच्या पोत्यांचा बांध घालून त्यात पाणी वळवलं. तळाशी वाळून पडलेले सायनोबॅक्टेरियाचे थर होते, ते आठवड्याभरात कामाला लागले. नवीन बी कुठून आलं नव्हतं, तेच जुने उठले. हे ओढ्यातले थर आहेत, मातीवरचा पापुद्रा नाही, पण मंडळी त्याच कुळातली आणि युक्ती तीच.

जास्तीत जास्त किती वर्षं असं पडून राहता येतं?

सुकून आणि गोठून, दोन्ही मिळून बोलायचं तर मॉसचे आकडे ऐकून डोकं फिरतं. अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिण ऑर्कनी बेटांमधल्या सिग्नी बेटावर गोठलेल्या मॉसच्या थरातून खोलवरचा नमुना काढला, 1500 वर्षांहून जुना, आणि त्यातून नवीन कोंब फुटले, हे 2014 मध्ये प्रसिद्ध झालं. कॅनडाच्या एल्समिअर बेटावर टिअरड्रॉप हिमनदी मागे सरकली तेव्हा तिच्याखालून साधारण 400 वर्षं दबलेलं मॉस बाहेर आलं, तेही परत वाढलं (2013). आणि जपानच्या संशोधकांनी 1983 मध्ये अंटार्क्टिकातून आणलेलं मॉस 30 वर्षं फ्रीझरमध्ये ठेवून मग उघडलं तर त्यातले टार्डिग्रेड म्हणजे पाणअस्वलं जिवंत निघाली, एकीने तर अंडीही घातली.

हिवाळ्यात चार महिने अंधार असतो, तेव्हा खातात काय?

बहुतेक जण काहीच नाही. गोठलेल्या अवस्थेत खर्चच जवळपास शून्य असतो, मग कमाईची घाई कशाला. स्वालबार्डच्या नी-ओलेसुंदमध्ये (तिथे भारताचं हिमाद्री स्टेशन आहे) ऑक्टोबरच्या शेवटी गेलेला सूर्य फेब्रुवारीतच दिसतो, मॅकमर्डोला एप्रिलच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत तेच. एवढा काळ अंधार पण थंडीही तितकीच, त्यामुळे सगळं थांबलेलंच असतं. खरं तर उबदार अंधार जास्त धोक्याचा, कारण श्वसन चालू राहतं आणि साठवलेली साखर खर्च होत जाते.

पण एक वेगळाच धंदा 2017 मध्ये उघडकीला आला. पूर्व अंटार्क्टिकातल्या रॉबिन्सन रिज आणि अॅडम्स फ्लॅट या दोन जागांच्या मातीत असे बॅक्टेरिया सापडले जे हवेतला अगदी नाममात्र असलेला हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड पकडून त्यावर ऊर्जा मिळवतात. म्हणजे ऊन नको, दुसऱ्याने बनवलेलं अन्न नको, हवेवर जगणं म्हणतो ते अक्षरशः! यातून ते कार्बन डायऑक्साइडही बांधतात असं दिसतंय.

आणि उन्हाळ्यात 24 तास ऊन, वर ओझोनचं भोक, त्याचं काय?

उन्हाचा खरा त्रास सुकलेल्या किंवा गोठलेल्या अवस्थेत होतो, कारण उजेड तर येतोय पण तो वापरणारी यंत्रणा बंद आहे, अशा वेळी जास्तीची ऊर्जा पेशीतच तोडफोड करते. त्यामुळे सुकताना ही मंडळी ती ऊर्जा उष्णता करून टाकून देण्याची व्यवस्था चालू करतात. अतिनील किरणांसाठी वेगळी छत्री आहे: सायनोबॅक्टेरियाच्या बाहेरच्या आवरणात सायटोनेमिन नावाचं पिवळट-तपकिरी रंगद्रव्य असतं, मायकोस्पोरिनसारखी अमिनो अॅसिडं असतात, नारिंगी लायकेनमध्ये पॅरिएटिन, पिवळट-हिरव्या लायकेनमध्ये उस्निक अॅसिड. वरचा थर ही छत्री धरतो आणि खालचे त्याच्या सावलीत बसतात. अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भोक 1985 मध्ये जाहीर झालं, पण सायटोनेमिन त्याच्या कितीतरी आधीपासूनचं, त्यामुळे छत्री भोकासाठी बनलेली नाही, तिथे कामाला आली एवढंच.

पापुद्रा काळपट का दिसतो?

वर सांगितलेली रंगद्रव्यं. फायदा दुहेरी आहे, काळा रंग ऊन शोषतो त्यामुळे माती गरम होते, बर्फ लवकर वितळतो आणि कामाचे तास वाढतात.

मातीत खत नाही, झाडं नाहीत, मग नायट्रोजन कुठून येतो?

स्वतःच बनवतात. नॉस्टॉकसारखे सायनोबॅक्टेरिया हवेतला नायट्रोजन पकडून वापरण्यासारखा करतात, आणि आर्क्टिकच्या उत्तरेकडच्या भागात जमिनीला मिळणाऱ्या नव्या नायट्रोजनचा मोठा वाटा असाच येतो. नॉस्टॉक कोरडा असताना काळी चुरगळलेली पापडी वाटते, पाणी लागलं की कित्येक पटीने फुगून जेलीसारखा होतो, पहिल्यांदा बघणाऱ्याला तीच वस्तू आहे हे पटत नाही. हिमनदी मागे सरकून नवी उघडी जमीन झाली की तिथे सुरुवातीला येणाऱ्यांत हेच असतात, स्वालबार्डमधल्या मिड्त्रे लोवेनब्रीन हिमनदीसमोर हा क्रम बराच अभ्यासलेला आहे. जिथे पेंग्विन किंवा समुद्रपक्ष्यांच्या वसाहती आहेत तिथे उलट प्रश्न, खत एवढं जास्त की प्रॅसिओलासारखं हिरवं शैवालच ते झेपवू शकतं.

वारा आणि सतत फुगणारी-बसणारी जमीन, यात थर फाटत नाही का?

फाटतो की. जमिनीतलं पाणी गोठून सुया उभ्या राहाव्यात तसा बर्फ तयार होतो, तो माती वर उचलतो आणि वितळला की सोडतो. मॉस आणि लायकेनला हे जड जातं, कारण ते जागचे हलू शकत नाहीत. धागेवाले सायनोबॅक्टेरिया सरकू शकतात म्हणून फाटलेलं परत शिवतात. ज्या जमिनीची फार उलथापालथ होते तिथे पापुद्रा कायम कच्च्या, पहिल्या टप्प्यातच राहतो.

दगडाखाली आणि दगडाच्या आत जीव असतात हे खरं?

खरं आहे. ऊन-वारा अगदीच असह्य झाला की पापुद्रा उघड्यावरून गायब होतो आणि अर्धपारदर्शक गारगोटीखाली सापडतो, तिथे उजेड गाळून येतो, ओल टिकते. त्याच्याही पुढे, इम्रे फ्रीडमन या शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात ड्राय व्हॅलीजमधल्या वालुकाश्माच्या आत, पृष्ठभागापासून काही मिलिमीटरवर, कणांच्या मधल्या फटींत राहणारे जीव दाखवून दिले, लायकेनसुद्धा. बाहेरून नुसता दगड.

प्राणी आहेत का त्यात?

आहेत, बारीक. सूत्रकृमी, टार्डिग्रेड, रोटिफर, आणि जरा ओलसर भागात माइट्स (कोळ्याच्या जातीचे चिमुकले जीव) आणि स्प्रिंगटेल (कीटकांसारखे बारीक जीव). ड्राय व्हॅलीजमध्ये स्कॉटनेमा लिंडसेई नावाचा सूत्रकृमी सगळ्यात जास्त, तो खारट कोरड्या मातीत वेटोळं करून सुकून पडतो.

काहीच जगत नाही अशी जागा आहे का?

ध्रुवावर काहीही जगतं असं लोक सर्रास म्हणतात, पण ते बरोबर नाही. अंटार्क्टिकातल्या शॅकलटन हिमनदीच्या परिसरातल्या माउंट रॉबर्ट्स आणि श्रोडर हिल इथल्या काही मातीच्या नमुन्यांत संशोधकांना कुठल्याही पद्धतीने सूक्ष्मजीव सापडले नाहीत, हे 2021 मध्ये छापून आलं. उंच, कोरड्या, खूप काळ बर्फाखाली न गेलेल्या जागा, वर्षानुवर्षं साठलेलं मीठ. तिथे पुन्हा मुद्दा थंडीपेक्षा पाणी आणि मीठ यांचाच निघाला.

हे जीव मंगळावर जगतील का?

जगतील असं नाही म्हणता येणार, टिकतील असं म्हणू, आणि ह्या दोन्हींत फार फरक आहे. 2005 मध्ये दोन लायकेन यानाबाहेर अवकाशात साधारण दोन आठवडे उघड्यावर ठेवून परत आणले, ते पुन्हा प्रकाशसंश्लेषण करायला लागले. अंटार्क्टिकातली क्रायोमायसीस नावाची काळी बुरशी स्पेस स्टेशनच्या बाहेर दीड वर्ष राहून आली, तिचाही काही भाग जिवंत होता. पण हे सगळं बंद अवस्थेत. वाढायला पाणी लागतंच.

तापमान वाढतंय म्हणजे यांना बरंच की?

वरवर तसं वाटतं, ऊब जास्त, पाणी जास्त. काही ठिकाणी सुरुवातीला वाढ होईलही. पण दोन-तीन गोष्टी बघा.

एक म्हणजे बंद-चालू फुकट होत नाही. प्रत्येक वेळी जागं झाल्यावर आधी दुरुस्ती करावी लागते आणि त्यात साखर खर्च होते, मग पुरेसा वेळ ओल राहिली तर खर्च भरून निघतो. थोडंसं वितळलं आणि लगेच सुकलं असं वारंवार झालं तर प्रत्येक वेळी तोटाच. अमेरिकेतल्या कोलोराडो पठारावर (वाळवंट आहे, ध्रुव नाही) उन्हाळ्यात अगदी हलका पाण्याचा शिडकावा वारंवार केला तर पापुद्र्यातलं मॉस मरून गेलं, पाणी देऊन मारलं म्हणा ना! ध्रुवावर हिवाळ्यात मधूनच पाऊस पडून बर्फाचा कडक थर बसणं किंवा गोठण-वितळण वाढणं याची काळजी वाटते ती याचसाठी.

दुसरं, जास्त ऊब म्हणजे जास्त पाणी असं सगळीकडे नसतं. पूर्व अंटार्क्टिकात केसी स्टेशनजवळच्या विंडमिल बेटांवर वाऱ्याचा पॅटर्न बदलून उलट कोरडेपणा वाढला, हिरवं मॉस लाल आणि मग राखाडी पडत गेलं, आणि पाणी जास्त लागणाऱ्या स्थानिक जातीची जागा कोरडेपणा सोसणाऱ्या जातीने घ्यायला सुरुवात केली. 2018 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

तिसरं, आर्क्टिकमध्ये ऊब वाढली की झुडपं आणि गवत वर सरकतं. पापुद्र्याला सावली आणि पालापाचोळा अजिबात मानवत नाही. उणे 40 सोसणारा हा थर गवताच्या सावलीपुढे हरतो.

पाय पडला तर काय होतं?

ओला असेल तर दबतो, कोरडा असेल तर चुरा होतो, आणि चुरा झाला की वारा घेऊन जातो. भरून यायला किती काळ लागेल हे कोण राहतं त्यावर आहे, सायनोबॅक्टेरिया त्यातल्या त्यात लवकर येतात, लायकेन फारच उशिरा. ड्राय व्हॅलीजमधल्या दगडांवर बुएलिया फ्रिजिडा नावाचं लायकेन शंभर वर्षांत जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास वाढतं, यावरून अंदाज घ्या. तिथल्या मातीत पावलांचे ठसे दशकानुदशकं तसेच दिसतात.

मग तिथे जाणाऱ्यांवर काही बंधनं आहेत का?

अंटार्क्टिकात आहेत. पर्यावरण संरक्षणाचा माद्रिद प्रोटोकॉल 1991 मध्ये झाला आणि 1998 पासून लागू आहे, त्याखाली काही जागा खास संरक्षित आहेत आणि तिथे परमिटशिवाय पाऊल टाकता येत नाही. टेलर व्हॅलीतला कॅनडा हिमनदीजवळचा एक पट्टा तर मुख्यतः मॉस आणि शैवाल यांच्यासाठीच राखून ठेवलाय. नमुना म्हणून माती किंवा मॉस उचलायचं तरी परवानगी लागते, बाहेरची माती बुटांना चिकटून जाऊ नये म्हणून बूट धुवून-पुसून जावं लागतं. बाकी साधा नियम एवढाच की आखलेली वाट असेल तर तीच धरायची, नसेल तर दगडांवरून किंवा बर्फावरून चालायचं, आणि काळपट खडबडीत माती दिसली तर तिला वळसा घालायचा, ती मेलेली वाटली तरी.